लहान गाडीला कुठला स्प्रे मारावा?

उमरखेडमध्ये स्केल मॉडेलचं सामान मिळणारं एकही दुकान नाही. तरीही गावात मॉडेल करणारी मुलं आहेत, आणि ती वाढताहेत, हे मला फार आवडतं. कोणी सनबोर्ड कापून लाल परी बनवतो. कोणी पैसे साठवून १:२४ ची प्लास्टिक किट मागवतो. कोणी हॉट व्हील्सच्या जुन्या गाडीचा रंग काढून तिला नवा देतो. कापणं, घासणं, चिकटवणं पोरांना जमतं. गाडी अडते ती रंगापाशी. मग कोणीतरी विचारतो, "सर, स्प्रे कुठला घेऊ?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि माझं लहानपण डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजला लागून असलेल्या घरात गेलं. थिनरचा वास मला शाईच्या वासाआधी ओळखू यायला लागला. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येत असावा. आणि म्हणूनच त्याला मिळणारी दोन तयार उत्तरं मला पटत नाहीत.

पहिलं उत्तर मोबाइलवरून येतं : जपानचा टामिया मागव, बाकी सगळा कचरा. दुसरं उत्तर चौकातून येतं : ऑटो पार्ट्सच्या दुकानात बाइकचा टच-अपचा डबा मिळतो, मार तोच, रंग तो रंग. पहिलं उत्तर खिसा रिकामा करतं, दुसरं मॉडेलचा सत्यानाश करतं. या दोघांच्या मध्ये एक माणूस बसलेला असतो, ज्याला रंगाबद्दल गावात सगळ्यात जास्त कळतं. तो गॅरेजमधला पेंटर. त्याला कोणी विचारत नाही. माझं म्हणणं या लेखात एवढंच आहे की त्याला विचारा. पण काय विचारायचं ते समजून घेऊन विचारा, आणि त्याच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. रिकाम्या हाताचं मी पुढे सांगतो.

डबा निवडताना बहुतेक जण आधी रंग बघतात. आधी बघायचं असतं ते गाडीचं अंग. ते कशाचं आहे?

प्लास्टिक किट बहुतांशी पॉलिस्टायरीनची असते. हे नाव परकं वाटलं तरी वस्तू घरातली आहे. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणारा थर्माकोल म्हणजे हेच पॉलिस्टायरीन, फक्त हवा भरून फुगवलेलं. वर्गात मी एक प्रयोग करतो. पॅकिंगच्या थर्माकोलच्या तुकड्यावर बाइकचा टच-अप स्प्रे मारायचा. सेकंदात तो बसतो, विरघळतो, खड्डा पडतो. मुलं ओरडतात. त्या डब्यात अ‍ॅसिटोन, टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रावकं असतात. लोखंडी पत्र्याला ती काही करत नाहीत, पॉलिस्टायरीनला मात्र खातात. किटचं प्लास्टिक घट्ट असल्यामुळे खड्डा पडत नाही, पण पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उठतात, दाराच्या रेषा बोथट होतात, आणि मग कितीही पॉलिश पेपर घासला तरी गाडी पूर्वपदावर येत नाही.

मग टामियाचा डबा का चालतो? त्याची टीएस मालिका हीदेखील लॅकरच आहे. फरक एवढा की त्यातली द्रावकं स्टायरीनचा विचार करून निवडलेली आहेत. ती प्लास्टिकला किंचित चावतात, आणि त्या चाव्यामुळेच रंग पकडून राहतो. डबा १०० मिलीचा, नोझलमधून येणारा फवारा बारीक. त्याच कंपनीची पीएस मालिका वेगळी आहे. ती रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या पारदर्शक, लवचिक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी; रंग आतून मारायचा, म्हणजे बाहेरून चमक आपोआप येते आणि ओरखडा रंगाला लागत नाही. पीएसचा डबा स्टायरीनवर मारू नये, असं कंपनी स्वतःच सांगते. टीएस पॉलिकार्बोनेटवर मारला तर बॉडी वाकली की रंगाचे पोपडे निघतात. म्हणजे "टामिया घे" हे उत्तरही अर्धंच. कुठला टामिया?

धातूच्या गाडीची गोष्ट उलटी. हॉट व्हील्स, माइस्तो वगैरेंच्या डायकास्ट गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. थिनर त्यांचं काही बिघडवत नाही. इथे जपानी डब्याला पैसे घालण्याची काहीही गरज नाही, गॅरेजचा रंग त्यापेक्षा सरस. फक्त जस्तावर रंग सहज धरत नाही, म्हणून खाली एच प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर हवा, जो गॅलव्हनाइज्ड पत्र्यासाठी पेंटरकडे असतोच. काचा आणि आतल्या सीट काढून ठेवायच्या, कारण त्या प्लास्टिकच्या असतात.

सनबोर्डची लाल परी हा आपल्या महाराष्ट्राचा खास प्रकार. एसटीवर जीव टाकणारी पोरं गावोगाव आहेत, आणि त्यांनी पुठ्ठा, सनबोर्ड, जुने पेन, रिकाम्या रिफिली यांतून केलेल्या बस पाहिल्या की किट जोडणाऱ्यांनी टोपी काढावी. सनबोर्ड म्हणून दुकानात जे मिळतं ते बहुतेक वेळा पीव्हीसीचा फोम असतो, आणि तो हलक्या हाताने मारलेला स्प्रे सहन करतो. पण दोन कागदांच्या मधे पांढरा फोम असलेला बोर्ड मिळाला असेल तर सावध. वरचा कागद रंग झेलतो, कापलेल्या कडेतून मात्र द्रावक आत शिरतं आणि आतला फोम वितळवतं. खिडकीची चौकट बाहेरून शाबूत आणि आतून पोकळ. अशा कडांना आधी फेव्हिकॉल पाण्यात कालवून दोन हात द्यायचे, वाळू द्यायचे, मग रंग.

आता थरांचा क्रम. बाजारातले रंग तीन घराण्यांत मोडतात. लॅकर : यात एनसी येतो, गॅरेजमध्ये जुने लोक त्याला अजून ड्यूकोच म्हणतात. एनॅमल, म्हणजे आपला ऑइल पेंट. आणि पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक. लॅकर फक्त द्रावक उडून वाळतं, म्हणून लवकर वाळतं, पण पुन्हा थिनर लागला की पुन्हा विरघळतं. एनॅमल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. वरून दिवसभरात कोरडं वाटलं तरी आतून कडक व्हायला कित्येक दिवस घेतं. वाळलेल्या लॅकरवर एनॅमल चालतं. एनॅमलवर लॅकर मारलं की खालचा थर फुगतो आणि सुरकुततो. हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलेलं नाही. आमच्या शेजारच्या गॅरेजमधले उस्ताद नव्या शागिर्दाला पहिल्या आठवड्यातच सांगायचे, "तेल के उपर एनसी मारा तो उठता, बेटे." पॉलिमरचं रसायनशास्त्र एका वाक्यात. मोबाइलवर हेच सांगायला वीस मिनिटांचा व्हिडिओ लागतो, आणि त्यात पहिली चार मिनिटं सबस्क्राइब करा म्हणण्यात जातात.

म्हणून डब्यावर रंगाच्या नावाआधी हे वाचा : एनॅमल की लॅकर की अ‍ॅक्रिलिक. प्रायमर, रंग आणि क्लिअर शक्यतो एकाच घराण्यातले घ्या. आणि किटमधले पार्ट ज्या दांड्यांना जोडलेले येतात त्या दांड्या फेकू नका. ते गाडीच्याच प्लास्टिकचे फुकटचे नमुने आहेत. त्यांवर मारून, एक रात्र ठेवून, नखाने खरवडून बघा.

इथपर्यंत पेंटर आणि मॉडेलवाला बरोबर चालतात. पुढे त्यांचे रस्ते वेगळे होतात, आणि उस्तादांनाही थोडं समजावून सांगावं लागतं. कारण गाडी लहान केली तरी रंग लहान होत नाही.

हिशोब करून बघू. खऱ्या कारवर प्रायमरपासून क्लिअरपर्यंत रंगाचा सगळा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. तुमच्या १:२४ च्या मॉडेलवर १०० मायक्रॉनचा थर बसला, तर गाडीच्या मानाने तो २.४ मिलिमीटर जाड झाला. खऱ्या कारच्या दाराभोवतीची फट चार मिलिमीटरची धरली तर मॉडेलवर ती ०.१७ मिलिमीटर. म्हणजे दोन्ही बाजूंनी १०० मायक्रॉन चढला की फट बुजलीच. १:६४ च्या हॉट व्हील्सवर तर ती फट केसाएवढी, ०.०६ मिलिमीटर. म्हणूनच घरच्या खिडकीच्या ग्रिलसाठी आणलेला एनॅमलचा डबा मॉडेलवर मारला की गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. त्या डब्याचं काम ग्रिलचे खड्डे भरायचं असतं, ते तो इमानाने करतो.

मेटॅलिकचंही तसंच. चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. एखादा पापुद्रा ३० मायक्रॉनचा असला तर खऱ्या कारवर तो डोळ्याला सुटा दिसत नाही, नुसती चमक दिसते. १:२४ वर त्याच पापुद्र्याचा आकार गाडीच्या मानाने ०.७२ मिलिमीटर, म्हणजे साखरेच्या कणाएवढा. मॉडेल लग्नाच्या मंडपासारखं चमचम करतं. मेटॅलिकसाठी मात्र मी हॉबीचाच डबा घ्यायला सांगतो, तिथे काटकसर नको. साधा लाल, पिवळा, पांढरा, काळा यांना हा प्रश्न नाही.

साधा लाल म्हणालो खरा, पण लाल परीचा लाल कुठे साधा आहे? उमरखेडच्या आगारात तासभर उभे राहा. यवतमाळ विभागाच्या बस येतात, नांदेड-हिंगोलीकडच्या येतात, आणि त्यांत मला किमान तीन लाल दिसतात. दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्याच्या कार्यशाळेतून नुकत्याच निघालेल्या बसचा एक, पाच उन्हाळे खाल्लेल्या बसचा दुसरा, आणि कुठे घासली म्हणून दोन हात मारून आणलेल्या पत्र्याचा तिसरा. कुठली बस करायची ते आधी ठरवा. एसटीचा इतिहासही मदत करतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर जी पहिली बस धावली ती लाल नव्हतीच, निळी होती, वर चंदेरी. हिरव्या-पांढऱ्या 'एशियाड'च्या नावामागे १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धा आहेत. लालच करायची असा हट्ट कशाला? पण मुलांना लालच हवी असते, आणि का हवी असते ते मला कळतं. गावाबाहेरचं जग पहिल्यांदा ज्या खिडकीतून दिसलं, ती लाल पत्र्यात बसवलेली होती.

तर लाल. लाल आणि पिवळे हे रंग दुबळे असतात, म्हणजे खालचा थर झाकत नाहीत. करड्या प्रायमरवर लाल मारला की तो विटेसारखा मातकट होतो, मग झाकण्यासाठी मुलं थरावर थर देत जातात आणि वर सांगितलेला जाडीचा प्रश्न येतो. पांढऱ्या अस्तरावर मारा, दोन-तीन हातांत लाल उजळून येईल. फिकट गुलाबी अस्तर त्याहून बरं. आणि खऱ्या बसच्या रंगापेक्षा किंचित फिका घ्या. लहान वस्तूवर तोच रंग गडद दिसतो. बस आपण दहा-वीस पावलांवरून बघतो, मधल्या हवेने तिचा रंग थोडा मवाळ झालेला असतो. गॅरेजमध्ये पेंटर छटा जुळवताना लालमध्ये थोडा पांढरा, चिमूटभर पिवळा टाकून, पत्र्यावर बोट फिरवून, उन्हात नेऊन बघतो. डब्यातून ही सोय होत नाही. रंग कालवून छोट्या टच-अप गनने मारणं हा लाल परीसाठी माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग, आणि त्या गनवर ज्याचा हात बसला आहे तो माणूस गावातच आहे.

मुंबईची काळी-पिवळी करणाऱ्यांसाठी एक ओळ. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली, तेव्हापासून तिची मॉडेलं करण्याची लाट आहे. पिवळा आधी, टेप लावून काळा नंतर. उलट केलं तर काळ्यावर पिवळा कधीच पिवळा दिसत नाही. टेपच्या कडेवर पुन्हा एकदा खालचाच रंग किंवा क्लिअर फुंकून घ्या, फट बंद होते, आणि काळा आत झिरपत नाही.

आता आमची हवा. टामियाच्या डब्यावरच्या सूचना शिझुओकाच्या हवेत लिहिलेल्या आहेत. मे महिन्यात विदर्भात पारा ४४-४५ ला जातो. अशा दुपारी मारलेला फवारा गाडीपर्यंत पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि अंगावर रवा सांडल्यासारखा बसतो. डब्यावर ५० अंशांच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं. पत्र्याच्या छताखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत ५० सहज होतात. आत ज्वलनशील वायू दाबाखाली असतो, तेव्हा उन्हाळ्यात डबा माठाशेजारी ठेवा आणि काम सकाळी सातला करा. पावसाळ्यात दुसरीच आफत. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि ओला रंग दुधाळ होतो. एनसी मारणाऱ्याला हे पाठ असतं. पाऊस पडत असला की उस्ताद फक्त डेंटिंग करायचे, पेंटिंगची गाडी थांबवायचे, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी. मॉडेलवाल्याला तर गिऱ्हाईकही नाही. थांबा. आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा रंगाचा मोसम. थंडीच्या सकाळी फवारा जाडा येत असेल तर डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा; गॅसवर तापवलेल्या पाण्यात नको, आणि गॅसजवळ तर मुळीच नको.

हात कसा चालवायचा हे लिहून शिकवता येत नाही, तरी सांगतो. डबा दोन मिनिटं हलवा, आतली गोळी खडखडली पाहिजे. अंतर एक वीत, थोडं जास्त. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून गाडीवरून नेऊन बाहेरच बंद करायचा. पहिला हात इतका हलका की खालचं प्लास्टिक दिसत राहावं. तिथेच घाई होते.

'एसटी महामंडळ' ही अक्षरं घरच्या इंकजेटवर छापली असतील तर त्यांवर क्लिअरचा ओला हात मारू नका, शाई पसरते. धुक्यासारखे दोन-तीन कोरडे हात आधी.

आता रिकाम्या हाताची गोष्ट.

माझा भाचा दहावीत आहे. त्याने केलेली बस घेऊन मी त्याला गॅरेजमध्ये नेतो म्हटल्यावर माझी बहीण बिथरली. "भाईजान, मॉडेल करू द्या, पण त्याला तिथे बसायची सवय नको." तिची भीती खोटी नाही. आमच्या समाजातली किती मुलं शाळा अर्धवट सोडून गॅरेजमध्ये जातात हे तिला दिसतं, मलाही दिसतं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही मुस्लिम कामगार नियमित नोकऱ्यांत कमी आणि स्वतःच्या लहानसहान धंद्यांत, वाहनदुरुस्तीसारख्या कामांत जास्त असल्याचं दाखवलं होतं. पण मला तिच्या वाक्यातली फोड खटकते. तेच काम हौस म्हणून केलं तर ते कलात्मक, स्केल मॉडेलिंग, कौतुकाचं. पोटासाठी केलं तर 'पेंटरचा पोऱ्या'. हात तोच, रंग तोच, नजर तर पोटासाठी करणाऱ्याचीच जास्त तयार. एशियन पेंट्सची सुरुवात १९४२ मध्ये मुंबईच्या फोरास रोडवरच्या एका भाड्याच्या गॅरेजात झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. गॅरेजमध्ये सुरू झालेल्या कंपनीचा मान ठेवायचा आणि गॅरेजमध्ये राहिलेल्या माणसाचा नाही, याला काय म्हणावं?

मुलाने शाळा सोडून गॅरेजमध्ये जावं असं मी म्हणत नाही. आयटीआयमध्ये पेंटरचा रीतसर ट्रेड आहे, वाहनरंगाचं प्रशिक्षण आहे, प्रमाणपत्र आहे. हुनर असलेल्या मुलाला तिकडचा रस्ता दाखवणारा कोणी नसतो, हे खरं दुखणं. पण ज्ञान कोणाकडे आहे हे मुलाला कळलंच पाहिजे. बहीण शेवटी म्हणाली, "ठीक आहे, पण तोंडाला रुमाल बांधून."

रुमाल. इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

रुमालाने काहीही होत नाही. फवाऱ्यात दोन गोष्टी असतात : रंगाचे थेंब आणि द्रावकाची वाफ. रुमाल थेंबही धड अडवत नाही. कोरोनात घेतलेला एन-९५ थेंब बराचसा अडवतो, वाफ अजिबात नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाची काडतुसं असलेला, नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लागतो. मॉडेलवाला महिन्याला पंधरा मिनिटं फवारा मारतो, तेही गच्चीवर. पेंटर रोज सहा-आठ तास, तीस वर्षं, ताडपत्रीने बंद केलेल्या जागेत, धूळ येऊ नये म्हणून पंखासुद्धा बंद करून. टोल्युइनने डोकं गरगरणं ही तर सुरुवात. आजकालच्या टू-के रंगांत हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट असतं, आणि ते श्वासातून गेलं की कायमचा दमा जडू शकतो. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की नंतर थोडासा वासही पुरतो. त्यासाठी तर कोळशाचा मास्कही पुरेसा मानत नाहीत, बाहेरून ताजी हवा पुरवणारा लागतो. म्हणून मॉडेलवाल्यांनो, डब्याच्या बुडाशी बटण दाबून हार्डनर सोडण्याचा टू-के क्लिअर कितीही काचेसारखा दिसत असला तरी घरात आणू नका. दोन इंचांच्या गाडीसाठी तेवढी चमक लागत नाही.

आमचे उस्ताद आता जिना चढताना दोनदा थांबतात. डॉक्टर त्यांना विडी ओढता का विचारतात. त्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही.

रंगाचा आणखी एक धोका घरात शिरतो तो लहान भावंडांच्या तोंडातून. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारे नियम २०१६ मध्ये झाले, १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू आहेत. औद्योगिक आणि वाहनांचे रंग या नियमांच्या कक्षेत येत नाहीत, आणि जर्द पिवळा, भडक लाल या छटांसाठी शिशाची रंगद्रव्यं वापरण्याची प्रथा जुनी आहे. म्हणजे नेमके आपल्या लाल परीचे आणि काळ्या-पिवळीचे रंग. कपाटात ठेवायच्या मॉडेलला गॅरेजचा रंग चालेल. दोन वर्षांच्या बाळाने चोखायच्या खेळण्याला मुळीच नाही, आणि तीच गाडी पुढे बाळाच्या हाती जाणार असेल तरीही नाही. पॉलिश पेपर घासायचा तर पाण्यात बुडवून घासा, धूळ उडू देऊ नका, आणि तो चिखल अंगणात नाही, कागदात गुंडाळून कचऱ्यात.

तर आता मला कोणी विचारलं, स्प्रे कुठला घेऊ, की मी हिशोब मांडून देतो. प्लास्टिकची किट असेल आणि एकच गाडी करायची असेल तर टीएसचा एक डबा आणि त्याच घराण्यातला प्रायमर. स्प्रेचे डबे विमानाने पाठवायला बंदी असल्यामुळे तो रस्त्याने, निवांत येतो, तोवर घासकाम करा. धातूची गाडी असेल तर डबा घेऊच नका, सरळ गॅरेजमध्ये जा. सनबोर्डची बस असेल तर कडा बंद करून, पांढरं अस्तर देऊन, तीही गॅरेजमध्ये न्या. प्लास्टिकची बॉडी पेंटरकडे नेताना मात्र सांगा की हे स्टायरीन आहे, थिनर कडक नको, हात धुक्यासारखा हवा. आणि दांडीचा तुकडा नमुन्याला बरोबर ठेवा.

आणि जाताना दोन-तीन जपानी डब्यांच्या किमतीत मिळतो तो काडतुसाचा मास्क घेऊन जा. पेंटर पैसे घेणार नाही, "छोटी चीज है" म्हणेल. मग मास्क तिथेच ठेवून या. काडतुसं कायम टिकत नाहीत. मास्क लावूनही वास यायला लागला की संपली समजायची, आणि एरवी हवाबंद डब्यात ठेवायची, नाहीतर नुसत्या हवेनेच संपतात. हे त्याला सांगा, कारण पाकिटावर ते बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं.

भाच्याने उस्तादांना मास्क नेऊन दिला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, कानावर अडकवायचा प्रयत्न केला, मग पट्टा डोक्यामागे कसा घ्यायचा ते भाच्याने दाखवलं. दाढीमुळे तो नीट बसेना. दाढीवर असा मास्क घट्ट बसत नाही, कडेने हवा शिरते. डोक्यावरून पूर्ण टोपासारखा येणारा, बॅटरीच्या पंख्याने गाळलेली हवा देणारा प्रकार दाढीवाल्यांना चालतो, पण तो महाग असतो. आम्ही चार जण मिळून तो घेण्याचं बघतो आहोत. तोपर्यंत गन उस्तादांचा शागिर्द धरतो, त्याला अजून मिसरूडही फुटलेलं नाही आणि मास्क त्याला बरोबर बसतो. उस्ताद लांब, दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि तिथूनच ओरडतात, "दूर से मार, दूर से. बस है वो, दीवार नहीं."